कोटा आला आणि गेला. जकात मात्र उरली

खुल्या व्यापाराचा पुरस्कार पाश्चात्त्य राष्ट्रांइतका कोणी केला नाही. परंतु गरीब देशांचा जो माल त्यांच्या कारखानदारांना खरोखर भिडला, त्याच्या बाबतीत हे तत्त्व चाळीसहून अधिक वर्षे बाजूला ठेवण्यात आले. तो माल म्हणजे कापड आणि तयार कपडे. आपले अनेक वाचक याच धंद्यात असल्याने ही हकिकत समजून घेणे उपयोगाचे आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक विकसनशील देश कापूस, ताग, चहा, खनिजे असा कच्चा माल पाठवीत. त्याबद्दल श्रीमंत देशांची तक्रार नव्हती, कारण तो त्यांच्या गिरण्यांना हवाच होता. जपान, हाँगकाँग, भारत, पाकिस्तान येथून स्वस्त सुती कापड येऊ लागले तेव्हा मात्र ओरड सुरू झाली. १९६१ साली एक अल्पमुदतीचा करार झाला, १९६२ साली दीर्घमुदतीचा, आणि १ जानेवारी १९७४ पासून लोकर व कृत्रिम धागाही त्यात ओढून 'मल्टी-फायबर अरेंजमेंट' आले. कोणत्या देशाने कोणत्या प्रकारचे किती नग पाठवायचे, हे त्यानुसार ठरू लागले. व्यवस्था तात्पुरती म्हणून आणली होती; ती १९९४ अखेरपर्यंत टिकली.

कारागिरांच्या दृष्टीने तिच्यात एक खिडकी होती. कुटिरोद्योगात हातमागावर विणलेले कापड व पारंपरिक हस्तकलेच्या वस्तू कोट्यातून वगळल्या होत्या. मात्र माल हातमागाचाच आहे, असे सरकारी प्रमाणपत्र लागे. यंत्रमागाच्या कापडाला ही सवलत नव्हती, मग विणकर कितीही गरीब असो.

तयार कपड्यांचा कोटा आपल्याकडे निर्यात प्रोत्साहन परिषदेमार्फत वाटला जाई. त्यातील मोठा भाग मागील वर्षांच्या निर्यातीनुसार मिळे. जुन्या निर्यातदाराकडे कोटा, नव्याकडे फक्त ऑर्डर. म्हणून कोट्याची खरेदी-विक्री चाले आणि त्याला प्रीमियम लागे. म्हणजे शिवणाऱ्याच्या मजुरीत जाऊ शकणारा पैसा कागदाच्या किमतीत जाई.

याच कोट्याने एका देशाचे मात्र नशीब उघडले. दक्षिण कोरियाच्या निर्यातीवर मर्यादा पडल्याने तेथील देवू कंपनीने कोटा नसलेला देश शोधला आणि बांगलादेशातील देश गारमेंट्सशी करार केला. १९७९ साली १३० बांगलादेशी कामगार शिकण्यासाठी कोरियातील बुसानला गेले. परतल्यावर काही वर्षांत त्यांपैकी ११५ जणांनी ती कंपनी सोडली. कोणी स्वतःचा कारखाना काढला, कोणी दुसऱ्याच्या कारखान्यात गेले. हुन्नर असा पसरला. भांडवल फारसे नसताना हे कसे जमले? परदेशी ग्राहकाच्या पतपत्राच्या आधारे कापड मागवण्यासाठी दुसरे पतपत्र उघडण्याची सोय होती, आणि निर्यातीसाठी आणलेल्या कापडावर जकात भरावी लागत नसे. १९८५ साली अमेरिकेने बांगलादेशवरही कोटा लावला. पण तोवर धंदा रुजला होता.

१९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार कोटा दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने उठवायचा होता : १६, १७, १८ टक्के, आणि उरलेले ४९ टक्के अगदी शेवटच्या दिवशी. श्रीमंत देशांनी यात चांगलाच हिशेब साधला. पहिल्या टप्प्यांत त्यांनी बहुतांशी असे प्रकार मोकळे केले, ज्यांवर प्रत्यक्षात कोटा नव्हताच!

१ जानेवारी २००५ रोजी कोटा संपला आणि चिनी मालाचा लोंढा आला. जूनमध्ये युरोपने चीनशी नव्या मर्यादेचा करार केला. त्यामुळे व्यापाऱ्यांनी आधीच मागवलेले सुमारे आठ कोटी नग बंदरांत अडकले. सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ते सुटले. अमेरिकेनेही काही चिनी मालावर २००८ अखेरपर्यंत मर्यादा ठेवली.

कोटा गेला तरी जकात उरली. अमेरिकेचा नेहमीचा दर सुती टी-शर्टवर साडेसोळा टक्के आणि कृत्रिम धाग्याच्या टी-शर्टवर ३२ टक्के. पाच डॉलरच्या नगावर पहिल्यात साडेब्याऐंशी सेंट, दुसऱ्यात एक डॉलर साठ सेंट. ग्राहकाशी भाव ठरवताना धागा कोणता, हा प्रश्न म्हणूनच आधी येतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत जादा कर लावला, तेव्हा तो या मूळ दरावर चढला.

युरोपात अत्यल्पविकसित देशांना २००१ पासून शस्त्रे सोडून सर्व माल जकातमुक्त आहे. आधी अट अशी होती की कापडही त्याच देशात विणलेले हवे. २०११ पासून नुसते शिवणकाम तेथे झाले तरी चालते. त्यामुळे बाहेरून आणलेले कापड ढाक्यात शिवून युरोपात बिनजकात जाऊ लागले. हीच अट बांगलादेशाला कापड वा सूत पुरवणाऱ्या भारतीय व्यापाऱ्याच्या कामाची आहे. कारण २०२१ साली संयुक्त राष्ट्रसंघाने बांगलादेशाला त्या यादीतून काढण्यासाठी २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरवली, आणि यादीतून बाहेर पडणाऱ्यांना युरोप पुढे तीन वर्षे सवलत देतो.