तिकीट, टप्पा आणि खिसा

प्रवासाचा खर्च म्हणजे तिकिटाचे पैसे, असे आपण धरून चालतो. परंतु परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांतून कॉलेजला, कोर्टाला, मोंढ्यात किंवा दवाखान्यात येणाऱ्या माणसाला विचारले, तर तो आणखी एक खर्च सांगेल. हा खर्च कोणत्याही भाडेपत्रकात छापलेला नसतो. तो वर्षातून एखादे वेळी येतो, आणि आला म्हणजे वर्षभराच्या तिकिटांपेक्षा जास्त घेऊन जातो. मी खिसेकापूविषयी बोलतो आहे.

भाडे हा परिवहनाचा विषय आणि खिसा हा पोलिसांचा, अशी आपण वाटणी करून टाकली आहे. गेली तीन वर्षे मी बोरीहून परभणीला रोज जा-ये करतो. तेवढ्या अनुभवावरून आणि थोड्या वाचनावरून माझे मत असे झाले आहे की ही वाटणी चुकीची आहे. जेथे भाडे आधी ठाऊक नसते आणि वाहनात चढण्याचा क्रम ठरलेला नसतो, तेथेच बहुधा खिसा कापला जातो.

प्रथम भाड्याचा हिशेब पाहू. एसटीचे भाडे किलोमीटरवर नव्हे, तर टप्प्यावर आकारले जाते, आणि एक टप्पा ६ किलोमीटरचा असतो. २५ जानेवारी २०२५ रोजी १४.९५ टक्के भाडेवाढ झाली, तेव्हा साध्या बसचा टप्पा ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैशांवर गेला. म्हणजे ४२ किलोमीटरच्या प्रवासाचे सात टप्पे झाले आणि त्यांचे ७० रुपये ३५ पैसे झाले. त्यात अपघात सहाय्यता निधीचा रुपया आणि पूर्ण रुपयाचा हिशेब धरला की तिकीट सत्तर-एकाहत्तरच्या घरात पडते. टप्पा संपण्याच्या अलीकडे उतरा की अगदी टोकाला उतरा, भाडे तेच. ‘दोन किलोमीटरसाठी दहा रुपये कसे?’ म्हणून कंडक्टरशी भांडणारे गृहस्थ मी अनेकदा पाहिले आहेत. कंडक्टर बिचारा टप्प्याचा गुलाम असतो, पण हे त्यांना कोणी समजावून सांगत नाही.

यावर सवलती आहेत. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास विनामूल्य आहे, आणि ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे आहे. आपल्यासारख्या विद्यार्थ्यांच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सूट असते, म्हणजे आपण एक तृतीयांशच भरतो. पासाचा एक फायदा मात्र कोणी मोजत नाही. पासधारकाला गर्दीत पैसे बाहेर काढावेच लागत नाहीत. माझ्या मते सवलतीपेक्षा हा फायदा थोडासुद्धा कमी नाही. त्याचे कारण पुढे येईल.

शेअर जीप, काळी-पिवळी आणि अॅटो यांचा मामला निराळा. भरल्याशिवाय हलायचे नाही, हा त्यांचा पहिला नियम. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी खासगी सर्व्हिस मोटारी अशाच चालत. ते दुखणे दूर व्हावे म्हणूनच प्रवासी वाहतूक सरकारने हाती घेतली. निजामाच्या राज्यात रेल्वेच्या रस्ता वाहतूक खात्याने १९३२ साली २७ बसगाड्यांवर आरंभ केला. तिकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर पहिली एसटी धावली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आपल्याकडची गाडीही पुढे त्याच एसटीची झाली. ठरलेली वेळ, ठरलेले भाडे आणि हातात छापील तिकीट या तीन गोष्टी खेड्यातल्या माणसाला एसटीने दिल्या. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एसटीचा दीर्घ संप चालला, तेव्हा त्या तिन्ही गोष्टींची किंमत आम्हांला कळली. सकाळी जो जीपवाला एक भाडे सांगे, तोच संध्याकाळी, पाऊस आला किंवा अंधार पडला की, दुसरे सांगे. घासाघीस करावी तर मागचा प्रवासी चढून बसे.

कायद्याने या दोन प्रकारांत भेद केला आहे, आणि तो प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ मध्ये टप्पा वाहतूक आणि कंत्राटी वाहतूक असे दोन प्रकार आहेत. पहिल्यात प्रत्येक प्रवासी आपापले स्वतंत्र भाडे देतो व वाटेत चढ-उतार होते. दुसऱ्यात सबंध वाहन एका कराराने ठरते आणि वाटेत परके प्रवासी घेता येत नाहीत. आपल्या बोलीत याला ‘सीट’ आणि ‘स्पेशल’ म्हणतात. परभणी स्टेशनवर रात्रीच्या गाडीने उतरलेला पाहुणा अॅटोवाल्याला सरळ विचारतो, ‘अमुक गल्लीत यायचे काय घेणार?’ हा प्रश्न विचारताक्षणी तो सीटचा प्रवासी राहत नाही, स्पेशलचा होतो. रोजचा माणूस ‘सीट किती?’ एवढेच विचारतो. निदान भाडे तरी सीटचे ठरते.

गंमत अशी की थायलंडमध्येही नेमका हाच प्रकार आहे. तेथे ‘सोंगथेव’ नावाचे वाहन चालते. नावाचा अर्थ दोन रांगा. मालवाहू पिकअपच्या मागे समोरासमोर दोन बाके टाकलेली असतात, म्हणजे आपल्या जीपचीच बहीण म्हणा ना. पट्टाया शहरात ठरलेल्या मार्गावरची सोंगथेव थांबवावी, मुकाट्याने मागे बसावे, उतरायचे ठिकाण आले की छताजवळची घंटा दाबावी आणि खाली उतरून चालकाच्या हाती ठरलेली नाणी ठेवावीत, अशी रीत आहे. चढण्याआधी भाडे विचारले की चालक समजतो, याला सबंध गाडी हवी आहे, आणि दर चढतो. या रीतीत आणखी एक शहाणपण आहे. पैसे गर्दीच्या मध्यभागी निघत नाहीत. ते उतरल्यावर, मोकळ्या जागी, चालकाच्या खिडकीशी दिले जातात. अर्थात गर्दीच्या बसमध्ये खिसे-पिशव्या सांभाळाव्याच लागतात, मग ते बँकॉक असो की आपले गाव.

आता खिशाकडे वळू. खिसेकापू गाडीत प्रवास करतो, ही समजूत मला फारशी खरी वाटत नाही. तो दारात काम करतो. गाडी फलाटाला लागते न लागते तोच चाळीस माणसे एका दारावर तुटून पडतात. त्यात उतरणारे वीस. कोणी खिडकीतून रुमाल टाकतो, कोणी पिशवी टाकतो, कोणी नातवाला उचलून आत सोडतो. या वेळी प्रत्येकाचे दोन्ही हात वर असतात, एक दांडीला आणि एक सामानाला. खिशापाशी हात उरतच नाही. पुढचा साथीदार पायरीवर अडखळल्याचे सोंग करतो, मागचा ‘चला, चला’ म्हणून रेटा देतो आणि तिसऱ्याचे काम होऊन जाते. पाकीट लगेच दुसऱ्या हातात जाते. गाडी सुटते तेव्हा मंडळी फलाटावरच असतात. म्हणून, आरडाओरड झाल्यावर बस थेट पोलीस ठाण्यात नेली आणि सगळ्यांची झडती घेतली, तरी बहुतेक वेळा काही सापडत नाही. वेळ मात्र सर्वांचा जातो.

खिडकीतून पिशवी टाकून जागा धरण्याच्या आपल्या राष्ट्रीय सवयीविषयी काय बोलावे? जागा मिळते हे खरे. पण पिशवी आत आणि मालक बाहेर, ही दोन-तीन मिनिटे पिशवी कोणाच्याच राखणीत नसते.

‘खिसेकापूंपासून सावध रहा’ ही पाटी वाचल्याबरोबर दहापैकी आठ माणसांचा हात आपोआप आपल्या पाकिटावर जातो. पाकीट कोठे आहे, हे पाहणाऱ्याला आयतेच कळते. तीच गोष्ट भाडे देताना घडते. भाडे ठाऊक नसलेला माणूस कंडक्टर जवळ आला की सगळी चळत बाहेर काढतो, पाचशेची नोट पुढे करतो, सुटे नाहीत म्हणून पुन्हा चाचपतो. कंडक्टर तिकिटामागे बाकी लिहून देतो, आणि उतरताना ती बाकी मागण्यासाठी हा गृहस्थ पुन्हा दारातल्या गर्दीत उभा राहतो. एका प्रवासात त्याने आपला खिसा तीनदा सर्वांना दाखवलेला असतो. ज्याला टप्पे मोजता येतात, तो घरूनच भाड्याचे सुटे पैसे वरच्या खिशात वेगळे ठेवतो. उरलेल्या पैशांना उतरेपर्यंत हवा लागत नाही.

आपल्या जुन्या माणसांना हे पुस्तकाविना ठाऊक होते. बंडीला आतून खिसा असे, त्यावर सदरा. बायकांचे पैसे कनवटीला, आणि पानासाठी लागणारी चिल्लर चंचीत. मोठी रक्कम आणि रोजची रक्कम यांची कधी गाठ पडत नसे. आपण पँटच्या मागच्या खिशात पाकीट ठेवतो. हा खिसा दर्जी कोणाच्या सोयीसाठी शिवतो, हे मला अजून कळलेले नाही.

हा विषय मला लिहावासा वाटला त्याचे कारण आमच्या वर्गात आहे. एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी मागील हंगामात कापूस विकला. आडत्याकडून पट्टीचे पैसे रोख घेतले आणि संध्याकाळच्या गाडीत चढताना ते दारातच गेले. सदऱ्याला पात्याची सरळ चीर होती. घरी पोहोचेपर्यंत त्यांना ती दिसलीही नव्हती, कारण तिकिटाचे पैसे दुसऱ्या खिशात होते. त्यात बियाण्याची उधारी होती आणि मुलीची परीक्षा फीही होती. फी पुढे विलंब शुल्कासह भरली गेली, ती आमच्या सरांनी आणि वर्गाने मिळून. तिच्या धाकट्या बहिणीचे कॉलेज मात्र त्या वर्षी राहिले. नुकसान आकड्यात सांगून ते कळत नाही, म्हणून मी आकडा देत नाही.

चोरांचे डोळे स्त्रियांच्या गळ्यातल्या पोतीवर अधिक असतात. कडेवर मूल, हातात पिशवी आणि पाठीमागून रेटा, अशा वेळी मणी ओघळल्याचेही कळत नाही. परभणीला तुरतपीर बाबांचा उर्स दरवर्षी फेब्रुवारीच्या आरंभी भरतो. तेव्हा किंवा लग्नसराईत प्रवास करणाऱ्या बायाबापड्यांनी पोत पदराखाली, पिनेने ब्लाउजला अडकवून घ्यावी. आमची आत्या तर दागिने लग्नाच्या मांडवात पोहोचल्यावरच अंगावर घालते. आम्ही तिला हसत असू, आता हसत नाही.

तरीही या उपायांनी दाराचा प्रश्न सुटत नाही. फलाटावर दोन लोखंडी कठडे आणि एक रांग असली, तर खिसेकापूचे निम्मे भांडवल संपेल, असे मला वाटते. रांगेत रेटा नसतो, आणि रेट्याशिवाय त्याचा हात चालत नाही. आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने बाजाराच्या दिवशी दोन तास फलाटावर उभे राहून रांग लावून पाहावी. उतरणारे आधी आणि चढणारे नंतर, एवढाच नियम. वृक्षारोपणाइतके ते छायाचित्रात शोभणार नाही, ही गोष्ट वेगळी.

चोरी झालीच तर काय? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला कलम ३०३ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. प्रवासी वाहनातून वस्तू चोरण्याचा उल्लेख मात्र कलम ३०५ मध्ये स्वतंत्रपणे केला असून त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जुन्या दंड संहितेत बसमधल्या चोरीसाठी असे वेगळे कलम नव्हते. गाडी पुढे निघून गेली असली, तरी कोणत्याही ठाण्यात फिर्याद देता येते. ‘ही आमची हद्द नव्हे’ हे उत्तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने निकालात काढले आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२ क्रमांक आहे. मोबाईल गेला असेल तर आधी बँकेला कळवून खाते थांबवावे, आणि खात्यातून पैसे गेल्याचे दिसताच १९३० वर सांगावे. फिर्याद लिहून घेताना मात्र एका शब्दाकडे लक्ष असावे. पाकीट ‘गहाळ झाले’ अशी नोंद झाली की ती नुसती हरवल्याची नोंद होते, तिचा तपास होत नाही. ‘चोरीस गेले’ असेच लिहून घ्यावे, खाली सही करण्यापूर्वी वाचून पाहावे, आणि प्रत मागावी. ती विनामूल्य मिळते.