नवी हार्ड डिस्क आणि जुने दप्तर



एरवी या पानावर मी बेणे, खत आणि पाण्याच्या पाळ्यांबद्दल लिहितो. आजचा विषय निराळा आहे, पण आपल्या कामाचा आहे. वारणानगर परिसरात १९९८ साली सुमारे ७० गावांत ऊस उत्पादकांसाठी कॉम्प्युटर बसवण्याचा प्रकल्प सुरू झाला. आज तर विकास सोसायटी आणि पाणीपुरवठा संस्थांचे दप्तर कॉम्प्युटरवर आहे. घरोघरीही तो आला आहे.

माझे मेहुणे विरारला राहतात. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. त्याआधी, ठाणे जिल्हा असल्यापासून ते आपल्या इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, तेव्हा त्यांनी कॉम्प्युटर डोक्यावर घेऊन जिना चढून वाचवला. पुढे जुनी डिस्क टकटक वाजू लागली म्हणून नवी आणली. पडद्यावरची सगळी चित्रे, म्हणजे आयकॉन, पेनड्राइव्हवर घेतले आणि जुनी डिस्क भंगारात दिली. नव्या डिस्कवर एकही हिशोब उघडेना! आयकॉन ही दुकानावरची पाटी. पाटी नेली म्हणून माल येत नाही.

वार्षिक सभेत दोन वर्षांच्या जमाखर्चाची विचारणा झाली. पै न् पै बँकेत भरलेली, पण दाखवायला वही नाही. सरळ माणूस मान खाली घालून उभा राहिला. बँकेचे उतारे आणि लोकांच्या घरच्या पावत्या गोळा करून हिशोब जुळवायला चार महिने लागले.

चूक कुठे झाली? डिस्कवर दोन प्रकारचा माल असतो, सॉफ्टवेअर आणि फायली. सॉफ्टवेअर विहिरीवरच्या मोटारीसारखे. मोटार उचलून दुसऱ्या विहिरीवर ठेवली म्हणून पाणी चढत नाही; पाइप, स्टार्टर, वीज पुन्हा जोडावी लागते. फायली मात्र सातबाऱ्यासारख्या. त्यांची नक्कल अस्सलाइतकीच चालते.

म्हणून काम असे करावे :

१) डिस्क आवाज करीत असेल तर आधी महत्त्वाच्या फायलींची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढा. बाकी सगळे नंतर.

२) कोणकोणती सॉफ्टवेअर आहेत त्यांची यादी करा. लायसन्सचा नंबर कागदावर उतरवा. टॅलीचे लायसन्स जुन्या कॉम्प्युटरवरून आधी 'सरेंडर' करावे लागते.

३) नव्या डिस्कवर सॉफ्टवेअर मूळ सेटअपमधून नव्याने बसवा. डिस्क चांगली असेल तर 'क्लोन'ही करता येते. रोप मातीच्या गड्ड्यासकट उचलावे तसे, सॉफ्टवेअर आणि फायली एकदमच येतात.

४) टॅलीचा 'डेटा' फोल्डर आठवणीने घ्या. तो 'डॉक्युमेंट्स'मध्ये असेलच असे नाही.

५) श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रे नव्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतात. घाबरू नका, फाईल बिघडलेली नसते. ते फॉन्ट आणून बसवा आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या.

६) प्रत्येक वर्षाची एक तरी फाईल उघडून बघा. शेवटची बाकी जुन्या छापील ताळेबंदाशी ताडा.

७) जुनी डिस्क निदान एक गळीत हंगाम जपून ठेवा. नंतर टाकायची झाली तर आतली माहिती पुसूनच द्या.

एक शंका हमखास निघते. ५०० जीबीची डिस्क घेतली, कॉम्प्युटर ४६५ च दाखवतो, मग काट्यात मारले का? नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, कॉम्प्युटर १०२४ च्या. माल तोच, माप वेगळे.

शेवटी लक्षात ठेवायचे एवढेच, की नक्कल तीन ठिकाणी हवी आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. सगळे बेणे एकाच वाफ्यात ठेवले आणि तो वाफा जळाला, तर लागणीला काय आणणार? ऊस खोडव्यातून पुन्हा फुटतो. हिशोबाला खोडवा नसतो. या दिवाळीत मुलांना शेजारी बसवा आणि एवढे काम उरकून घ्या. अडचण आली तर गट ऑफिसात या, मिळून बघू.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी