नाणे घासू नका!

मुलांनो, जुने नाणे सापडले की तुम्ही ते चिंच लावून लख्ख घासता ना? थांबा! आधी ही माहिती वाचा.

१९०९ साली अमेरिकेत अब्राहम लिंकन यांचे चित्र असलेला तांबूस सेंट निघाला. त्यावर 'व्ही.डी.बी.' ही कलाकार व्हिक्टर ब्रेनर यांची आद्याक्षरे होती. अशी सुमारे २ कोटी ८० लाख नाणी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाडली गेली. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र फक्त ४ लाख ८४ हजार! तेथील नाण्यावर सालाखाली बारीक 'एस' असतो. म्हणून ते दुर्मिळ ठरले.

पण दुर्मिळ असून भागत नाही. अमेरिकेत नाण्याची प्रत १ ते ७० अंकांत ठरवतात. १ म्हणजे अगदी झिजलेले, ६० पासून पुढे न वापरलेले आणि ७० म्हणजे निर्दोष. पारखी भिंगातून लिंकनचा गाल व जबडा पाहतो, कारण हे उंच भाग आधी झिजतात.

घासलेले नाणे चमकते. पण त्याची मूळ झळाळी कायमची जाते आणि किंमतही उतरते. तेव्हा जुने नाणे कडेने धरा, कोरडे ठेवा आणि आहे तसेच जपा.

शब्दार्थ : टांकसाळ – नाणी पाडण्याचा कारखाना; दुर्मिळ – क्वचित मिळणारे; पारखी – खरेखोटे ओळखणारा.