गीतमालेचा सांधा

उत्तनच्या कोळीवाड्यांतील लग्न असो वा भाईंदरचा गणेशोत्सव, अनेक गाण्यांचीं ध्रुवपदें एकापुढें एक गुंफून वाजविण्याची प्रथा आपणांस परिचित आहे. ॲरेंजर कीबोर्डवर हें काम एकटा वादकहि करूं शकतो. डावा हात कॉर्ड, म्हणजे स्वरसंघ, दाबतो; त्यास अनुसरून यंत्र ताल व साथ पुरवितें; उजवा हात चाल वाजवितो.

परंतु यंत्र कोणासाठीं थांबत नाहीं. कोळीगीत बहुधा सहा मात्रांच्या अंगाचें, तर भजन पुष्कळदां आठ मात्रांचें. सहांतून आठांत एकाएकीं उडी घेतली कीं नाचणाऱ्यांचें पाऊल अडखळतें. म्हणून एका तालाचीं गाणीं प्रथम एकत्र लावावीं व लय हळूहळू वाढवावी. ताल बदलावयाचा असल्यास चालू आवर्तन पुरें होऊं द्यावें आणि नवा ताल समेवरच सुरू करावा. पट्टी बदलत असल्यास नव्या पट्टीच्या पंचमावरील स्वरसंघ आधीं द्यावा, म्हणजे गायकास नवा षड्ज सांपडतो.

गाणीं येणें ही अर्धी विद्या. ऐकणाऱ्यास न अडखळवितां एकांतून दुसऱ्यांत नेणें ही उरलेली अर्धी. ती यंत्राबरोबर विकत मिळत नाहीं. हातानें टाळी देत, तोंडानें मात्रा मोजीत मिळवावी लागते.