जलाशयकाठची गाळपेर

हॉलंडमध्ये सखल जमिनीभोवती बांध घालून, पाणी उपसून शेती करतात. अशा जमिनीस पोल्डर म्हणतात. बीमस्टर सरोवर १६१२ मध्ये पवनचक्क्यांनी उपसून कोरडे केले गेले. तेथील उपसा आजही बंद ठेवता येत नाही. आपल्याकडे सिद्धेश्वर व इसापूर जलाशयांचे पाणी आपोआप ओसरते आणि गाळाची जमीन उघडी पडते. तीच आपली गाळपेर.

मात्र सिद्धेश्वरचा काठ फसवा आहे. पूर्णेवरील वरच्या येलदरी धरणातून येथे पाणी सोडले जाते व मग कालव्यांत जाते. त्यामुळे ऐन रब्बीतही पातळी चढू शकते. पाण्याला अगदी खेटून पेरू नये.

पेरणीपूर्वी काठ पायी फिरून पाहावा. पाणकणीस दाट असेल तेथे पाणी रेंगाळते. ती जागा पाणपक्ष्यांना सोडावी, पिकाचे तेथे काही साधत नाही. गाळाचा मुठीत लाडू होऊन खाली टाकताच फुटला, तर वाफसा आला असे समजावे. हरभऱ्याची पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आटोपावी. मर रोगासाठी बियाण्यास आधी ट्रायकोडर्मा व नंतर रायझोबियम चोळावे. जानेवारीत उघड्या पडणाऱ्या जमिनीत टरबूज, काकडी बरी.

खोल नांगरट टाळावी. मोकळा झालेला गाळ पहिल्याच पावसात जलाशयात वाहून जातो. कीटकनाशके फवारू नयेत. हेच पाणी माणसे व गुरे पितात, मासेही त्यातच वाढतात. गाळपेरीसाठी जलसंपदा विभागाची परवानगी मात्र आधी घ्यावी.