समुद्रपर्यटनास निघालेला रुग्ण आणि वैद्याचे कर्तव्य

प्रास्ताविक

बुलढाणा जिल्ह्यातील वैद्याने समुद्रप्रवासाविषयी लिहावे, याचे कोणास नवल वाटेल. आपला जिल्हा समुद्रापासून दूर. आपल्या रुग्णांचा प्रवास आजवर पंढरपूर, शेगाव आणि फार तर काशी-रामेश्वर एवढाच असे. ही स्थिती आता पालटली आहे. मुंबई-गोवा मार्गावर ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ ही क्रूझ सुरू झाली होती. ती पुढे बंद पडली. सप्टेंबर २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ कंपनीचे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा सफरी करू लागले. पुण्या-मुंबईस नोकरी करणारी मुले आई-वडिलांना हौसेने अशा सफरीस नेतात. काही कुटुंबे सिंगापूर किंवा दुबईपर्यंत विमानाने जाऊन तेथून जहाजात बसतात. निघण्यापूर्वी हे आई-वडील आपल्याकडे येतात आणि म्हणतात, “डॉक्टरसाहेब, आठ दिवसांचं औषध बांधून द्या.” त्या वेळी आपण काय बांधून द्यावे आणि काय देऊ नये, हा या लेखाचा विषय आहे.

एक अनुभव

चिखली तालुक्यातील एक सत्तरीचे गृहस्थ माझे जुने प्रमेही रुग्ण. आधुनिक शास्त्राची साखरेची गोळी त्यांना चालू होती. जोडीला माझ्याकडील मेषशृंगी, हरिद्रा, आमलकी यांचे मिश्रचूर्ण ते घेत. सफरीस निघताना मी नेहमीप्रमाणे कागदाच्या पुड्या बांधून दिल्या. त्यांवर नाव नाही, घटक नाहीत, मात्रा नाही. दुसऱ्या दिवशी समुद्र थोडा खवळला. त्यांना सकाळपासून उलट्या होत होत्या आणि पोटात अन्न टिकत नव्हते, तरी नेम चुकू नये म्हणून त्यांनी गोळीही घेतली आणि पुडीही घेतली. दुपारी त्यांना दरदरून घाम सुटला व बोलणे असंबद्ध झाले. जहाजावरील डॉक्टरांनी पुडी उघडून विचारले, “यात काय आहे?” काकूंना एवढेच सांगता आले, “आमच्या बुलढाण्याच्या डॉक्टरांची पावडर आहे.” मला फोन लावण्याचा प्रयत्न झाला, पण भर समुद्रात फोन लागला नाही. सुदैवाने डॉक्टरांनी साखर तपासली, ती फार उतरलेली आढळली, आणि शिरेवाटे ग्लुकोज दिल्यावर गृहस्थ सावरले. परत आल्यावर त्यांनी उरलेल्या पुड्या माझ्या टेबलावर ठेवल्या. ते काही बोलले नाहीत. चूक औषधाची नव्हती. ती माझी होती. जी पुडी गावात माझ्या नावावर चालते, ती धक्का सोडताच निनावी होते, हे मी ध्यानात घेतले नव्हते.

प्रवासापूर्वीची तपासणी

सफरीच्या किमान पंधरा दिवस आधी रुग्णास बोलवावे. पुढील बाबी विचाराव्यात.

१) बसमध्ये उलटी होते का? आपल्याकडे याची उत्तम कसोटी म्हणजे राजूर घाट. बुलढाण्याहून मलकापूरकडे एस. टी. ने जाताना घाटाच्या वळणांवर ज्याला मळमळते, त्याला समुद्रावरही त्रास होण्याचा संभव अधिक. जे औषध समुद्रासाठी द्यायचे, ते आधी एकदा घाटात देऊन पाहावे. नवे औषध प्रथमच जहाजावर घेऊ नये.

२) कोणकोणती औषधे चालू आहेत? प्रमेह, रक्तदाब, हृद्रोग, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची नोंद घ्यावी. आपल्या औषधासाठी चालू गोळी परस्पर बंद करण्यास सांगू नये.

३) गर्भिणी असल्यास बहुतेक कंपन्या २४ आठवड्यांनंतर जहाजावर घेत नाहीत. तिकिटापूर्वीच नियम विचारण्यास सांगावे.

४) प्रवासविमा घेतला आहे का? जहाजावरील उपचारांचे शुल्क सामान्यतः वेगळे आकारले जाते. विम्याच्या अर्जात जुना आजार लपवू नये, अन्यथा दावा नाकारला जाऊ शकतो.

५) ऋतु कोणता? पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरील समुद्र खवळलेला असतो. वृद्ध व दुर्बल रुग्णास हिवाळ्यातील सफर सुचवावी.

मलकापूर, नांदुरा किंवा शेगावहून रात्रीच्या गाडीने निघून त्याच दिवशी जहाजात बसण्याचा बेत अनेक जण करतात. तो टाळण्यास सांगावे. गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. शिवाय रात्रीच्या जागरणाने वातप्रकोप होतो आणि मळमळ बळावते. एक दिवस आधी मुंबईस पोहोचून पुरेशी झोप घ्यावी, हे उत्तम.

समुद्रावरील छर्दी

कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय ‘शरीर हलते आहे’ असे सांगते, तर खोलीतील भिंतींवर खिळलेले डोळे ‘सर्व स्थिर आहे’ असे सांगतात. या विसंवादातून हृल्लास, लालास्राव, घाम व छर्दी उत्पन्न होते. म्हणून पहिला उपचार आचाराचा आहे. खोली शक्यतो जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर घ्यावी, कारण तेथे हेलकावे कमी जाणवतात. त्रास सुरू होताच मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडे पाहावे. वाचन करू नये व मोबाईलमध्ये डोळे घालून बसू नये. पोट अगदी रिकामे नसावे आणि तुडुंबही नसावे. मद्य टाळावे.

औषधांत शुंठी अग्रगण्य आहे. १९८८ साली डेन्मार्कमध्ये ८० नौदल छात्रांवर खुल्या समुद्रात झालेल्या नियंत्रित परीक्षणात एक ग्रॅम शुंठी घेणाऱ्यांना उलट्या व थंड घाम यांचा त्रास कमी झाला. प्रौढास एक ग्रॅम शुंठीचूर्ण कोमट पाण्यातून, जहाज सुटण्यापूर्वी द्यावे. पित्तप्रकृतीच्या रुग्णास मात्रा कमी करावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास शुंठी औषधी मात्रेत देऊ नये. आलेपाकाच्या वड्या सोयीच्या असतात, पण प्रमेह्यास त्यातील साखरेची जाणीव द्यावी.

काही रुग्ण औषधाच्या दुकानातून उलटीची गोळी आणतात. या गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. काचबिंदू व पौरुषग्रंथीची वृद्धी असलेल्यांनी त्या आधुनिक डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. अशी गोळी घेणाऱ्यास सर्पगंधा, तगर, जटामांसी यांचे कल्प त्याच वेळी देऊ नयेत.

आलेला वमनवेग बळाने दाबू नये. चरकांनी नवेगान्धारणीय अध्यायात हे स्पष्ट केले आहे. उलटीनंतर मीठ-साखरेचे पाणी किंवा जलसंजीवनी घोटघोट द्यावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रमेही रुग्णास लेखी सूचना द्यावी, की अन्न टिकत नसेल तर साखरेचे औषध नेहमीच्या मात्रेत तसेच रेटू नये. साखर तपासावी व जहाजावरील डॉक्टरांकडे तत्काळ जावे. या सूचनेतील तपशील त्याच्या आधुनिक डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवावा.

औषधांची पेटी

१) सर्व औषधे हातातील पिशवीत ठेवावीत. मोठे सामान खोलीत पोहोचण्यास काही तास लागतात. दोन-तीन दिवसांचे औषध जास्तीचे द्यावे.

२) क्वाथ देऊ नये. खोलीत शेगडी किंवा विजेची किटली नेण्यास सामान्यतः बंदी असते, धूप-उदबत्तीसही तीच. काढा उकळणे शक्य नसल्याने वटी, घन किंवा चूर्ण योजावे.

३) आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यार्क असतो. लक्षद्वीपमध्ये बंगाराम बेट वगळता मद्यबंदी आहे. जहाजावरही बाहेरून मद्य नेण्यावर निर्बंध असतात. अरिष्ट अनिवार्य असल्यास मूळ सीलबंद छोटी बाटली, तीही चिठ्ठीसह द्यावी. शक्यतो पर्यायी कल्प निवडावा.

४) परदेशी जाणाऱ्यास पुढील कल्प कदापि देऊ नयेत. जातीफलादि चूर्णात भांग आहे. कर्पूर रसात अहिफेन आहे. अतिसारासाठी हे दोन्ही कल्प आपण सहज लिहितो, पण सिंगापूर व संयुक्त अरब अमिरातीत हे पदार्थ बाळगणे गंभीर गुन्हा आहे. तेथे ‘वैद्यांनी दिले’ हा बचाव चालत नाही. अमिरातीत स्वयंपाकातील खसखसही निषिद्ध आहे, म्हणून घरच्या लाडवांचीही चौकशी करावी. मोरपिसांची निर्यात आपल्या देशातून निषिद्ध असल्याने छर्दीवरील मयूरपिच्छा मषी परदेशी जाणाऱ्याने नेऊ नये. पारद, नाग, सोमल इत्यादींचे रसकल्पही टाळावेत, कारण अनेक देशांत जड धातूंच्या मर्यादा कडक आहेत.

५) अतिसारासाठी कुटजघन वटी व जलसंजीवनी द्यावी. रक्त, ज्वर किंवा वारंवार द्रवमल असेल तर स्वतः उपचार न करता जहाजाच्या दवाखान्यात कळवावे. जहाजावर उलटी-जुलाबाचे विषाणू एकाकडून अनेकांकडे वेगाने पसरतात.

फार्मसीचालकांसाठी

औषधे नियम, १९४५ मधील नियम १६१ प्रमाणे आयुर्वेदीय औषधाच्या वेष्टनावर घटकांची यादी, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व निर्मितीची तारीख असणे आवश्यक आहे. प्रवाशाच्या हाती हे वेष्टन म्हणजेच औषधाचे ओळखपत्र होय. म्हणून प्रवाशास सुटे औषध मोजून देऊ नये. मूळ बंद डबी किंवा पट्टीच द्यावी. दहा-वीस वट्यांच्या छोट्या पट्ट्या उपलब्ध ठेवल्यास विक्रीही वाढेल व रुग्णाची सोय होईल. अनुसूची ई-१ मधील वत्सनाभ, कुपीलू, भांग, अहिफेन इत्यादींचे कल्प मागणाऱ्यास ‘कोठे जाणार?’ हा प्रश्न अवश्य विचारावा.

स्वतःच्या रुग्णांसाठी औषध सिद्ध करण्याची सवलत कायद्याने वैद्यास दिली आहे. परंतु ही सवलत दवाखान्यातील विश्वासावर उभी आहे. बंदरावरील अधिकाऱ्यास आपली ओळख नसते. तेव्हा स्वनिर्मित चूर्ण द्यायचेच असेल, तर डबीवर नाव, घटक, मात्रा, तारीख व आपला नोंदणी क्रमांक छापील अक्षरांत असावा.

जहाजावरील पथ्यापथ्य

आपला रुग्ण कोरड्या हवेतून आनूप देशात जातो. तेथील दमट हवेत अग्नी मंद होतो, आणि नेमके तेथेच चोवीस तास खाद्यपदार्थ मांडलेले असतात. भूक लागल्यावरच खावे, दूध व मासे एकत्र घेऊ नयेत, रात्रीचे जेवण हलके असावे, एवढे तीन नियम पाळले तरी पुष्कळ. जेवणापूर्वी हात साबण व वाहत्या पाण्याने वीस सेकंद धुवावेत. उलटी-जुलाबाच्या विषाणूंवर सॅनिटायझर पुरेसा प्रभावी नसतो. मलावरोध झाल्यास गरम पाणी व अल्पमात्रेत त्रिफळा द्यावी. तीव्र रेचन प्रवासात वर्ज्य.

उपसंहार : एक चिठ्ठी

वरील सर्व सूचनांचे सार एका कागदात मावते. प्रत्येक प्रवासी रुग्णास आपल्या लेटरहेडवर इंग्रजीत चिठ्ठी द्यावी. तीत रुग्णाचे नाव व वय, निदान, चालू असलेली सर्व औषधे (दोन्ही शास्त्रांची), आपल्या कल्पातील प्रत्येक घटकाचे वनस्पतिशास्त्रीय नाव, मात्रा, ॲलर्जी व आपला दूरध्वनी लिहावा. एक प्रत पेटीत, एक खिशात व एक घरी असावी. यास दहा मिनिटे लागतात.

ते चिखलीचे गृहस्थ पुढील वर्षी पुन्हा सफरीस निघाले, तेव्हा त्यांनी औषधाआधी चिठ्ठी मागितली. रुग्णाने ती मागण्यापूर्वी आपण द्यावी, एवढीच विनंती. इत्यलम्.