डिझेल घोटाळ्याची भरपाई आणि थांबलेले गाडीमालक

गाडीने प्रदूषणाच्या चाचणीत फसवणूक केल्याचे उघड झाले की तिचा मालक चमत्कारिक पेचात सापडतो. गाडी चालू असते, मायलेजही देते. पण तिचा बाजारभाव रातोरात कोसळतो, आणि भरपाई कोण, किती आणि केव्हा देणार हे ठरायला कधी वर्ष तर कधी पाच-सहा वर्षे जातात. या मधल्या काळात मालक कसा वागतो, यावर शेवटी त्याच्या हाती काय पडते हे बरेच ठरते. फोक्सवॅगनच्या डिझेल प्रकरणात हे अगदी स्पष्ट दिसले.

वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातील संशोधकांनी उत्सर्जन मोजणारी यंत्रणा गाडीतच बसवून ती प्रत्यक्ष रस्त्यावर चालवली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. प्रयोगशाळेत साळसूद असणारी गाडी रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या कित्येक पट सोडत होती. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपनीला नोटीस बजावली. गाडीतले सॉफ्टवेअर स्टिअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे, हवेचा दाब अशा खुणांवरून चाचणी ओळखत असे आणि तेवढ्यापुरते प्रदूषण-नियंत्रण पूर्ण चालवत असे. एरवी मर्यादेच्या ४० पटींपर्यंत उत्सर्जन होई. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे सॉफ्टवेअर असल्याचे कंपनीने मान्य केले.

अमेरिकेतले शेकडो दावे सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश चार्ल्स ब्रायर यांच्यापुढे एकत्र आणले गेले. २८ जून २०१६ रोजी दोन लिटर इंजिनाच्या सुमारे पावणेपाच लाख गाड्यांसाठी तडजोडीचा मसुदा दाखल झाला आणि २५ ऑक्टोबरला त्याला अंतिम मंजुरी मिळाली. एकूण आकडा १,४७० कोटी डॉलरपर्यंतचा होता. त्यातले १,००३ कोटी गाड्या परत घेण्यासाठी आणि मालकांच्या भरपाईसाठी राखून ठेवले होते. एवढ्या मोठ्या प्रकरणाच्या मानाने हा निकाल झटपट लागला म्हणायला हवे.

नोटीस आणि मसुदा यांच्यामधले नऊ महिने मालकांच्या कसोटीचे होते. तडजोडीत गाडीची किंमत धरली गेली ती सप्टेंबर २०१५ची, म्हणजे बोभाटा होण्यापूर्वीची. त्यावर वेगळी रोख भरपाई होती: गाडीच्या मूल्याच्या २० टक्के अधिक २,९८६ डॉलर ७३ सेंट, आणि कमीत कमी ५,१०० डॉलर. धीर धरणाऱ्याने या काळात गाडी वापरली आणि शेवटी तिला जुनाच भाव मिळवला. वर्षाला १२,५०० मैल हे प्रमाण धरले होते. त्याहून जास्त पळवली तर किंमत कमी होई, पण ती गॅरेजमध्ये झाकून ठेवण्याची गरज नव्हती. याउलट ज्याने घाबरून पडेल भावाने गाडी काढून टाकली, त्याला पूर्वीचा मालक म्हणून रोख भरपाईचा साधारण अर्धाच वाटा मिळू शकत होता, आणि तोही १६ सप्टेंबर २०१६ पर्यंत आपली नोंद केली असेल तरच. बाकीचे पैसे नव्या मालकाच्या खिशात गेले. चौकशी चालू असताना गाडी विकण्याची घाई किती महाग पडते, याचा इतका चोख हिशेब क्वचितच पाहायला मिळतो.

गाडी परत देताना एकच मोठी अट होती: ती स्वतःच्या इंजिनावर चालत यायला हवी. या अटीच्या शब्दांवर बोट ठेवून काहींनी दारे, सीट, बंपर काढून घेतले आणि उघडा सांगाडा डीलरकडे नेण्याचा घाट घातला. डिसेंबर २०१६ मध्ये न्यायाधीश ब्रायर यांनी अशा प्रकाराबद्दल स्पष्ट शब्दांत नापसंती दाखवली. फसवणाऱ्या कंपनीलाही फसवण्याचा परवाना कोणाला मिळालेला नसतो. त्यातून दावा अडकून पडण्याची जोखीम वेगळीच.

कर्जावर घेतलेल्या गाडीचे हप्ते थांबवण्याचा मोहही अनेकांना होतो. तो टाळलेला बरा, कारण भरपाईचा दावा कंपनीवर असतो आणि कर्ज बँकेचे असते. अमेरिकी तडजोडीत परतखरेदीच्या रकमेतून आधी कर्ज फिटणार होते, आणि कर्ज त्याहून मोठे असेल तर एकूण मोबदल्याच्या १३० टक्क्यांपर्यंत भार कंपनी उचलणार होती. थकलेले हप्ते आणि दंड मात्र मालकाचेच. वकिलाच्या बाबतीतही असेच. सामूहिक दाव्यातील वकिलांची फी कंपनीने वेगळी दिली, मालकांच्या पैशातून ती कापली गेली नाही. स्वतंत्र वकिलांनी आपली फीही कंपनीकडून मिळावी म्हणून अर्ज केले, ते न्यायालयाने फेटाळले. म्हणून वकीलपत्रावर सही करण्याआधी फीचे कलम नीट वाचणे भाग आहे.

दुरुस्ती की परतखरेदी, हा निर्णय मालकावर सोडला होता. दुरुस्ती निवडणाऱ्यालाही रोख भरपाई होतीच, पण मान्य झालेली दुरुस्तीच हाताशी नव्हती. पहिली मंजुरी जानेवारी २०१७ मध्ये आली, तीही फक्त २०१५च्या मॉडेलना.

जर्मनीत गाडी तीच, सॉफ्टवेअर तेच, पण अनुभव वेगळा. तेथे ग्राहकांना एकत्र दावा लावता येईल असा कायदाच नोव्हेंबर २०१८ मध्ये लागू झाला. त्याखाली ग्राहक संघटनेने चार लाखांहून अधिक मालकांच्या वतीने दावा केला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ८३ कोटी युरोंची तडजोड झाली. पात्र मालकांना १,३५० ते ६,२५७ युरो मिळाले. गाडी मालकाकडेच राहिली. त्याच वर्षी २५ मे रोजी सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने, गाडी परत करून पैसे मागण्याचा हक्क मान्य केला, पण वापरलेल्या किलोमीटरची वजावट करून. त्या खटल्यातल्या मालकाने ३१,४९० युरोंना घेतलेल्या गाडीचे सुमारे २५,६०० युरो परत मिळवले. पुढच्या निकालांनी मर्यादा आखून दिल्या. घोटाळा जाहीर झाल्यावर ज्याने गाडी घेतली, त्याची फसवणूक झाली असे न्यायालय मानेना. फार चाललेल्या गाडीची वजावट सगळी किंमत गिळू शकते, हेही ठरले. आणि २०१५ मध्येच आपली गाडी त्यात असल्याचे कळूनही जो २०१९ पर्यंत स्वस्थ बसला, त्याचा दावा मुदतबाह्य ठरला. अमेरिकेत थांबणारे जिंकले, जर्मनीत नुसते थांबणारे हरले. मुदत कोणत्या दिवसापासून मोजली जाते, हे म्हणूनच पहिल्याच महिन्यात विचारून घ्यायला हवे.

भारतात डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीच्या समूहाने सुमारे ३ लाख २३ हजार ७०० गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावल्या; पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने गाड्यांच्या चाचण्या केल्या होत्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांची दंडात्मक रक्कम ठोठावली. सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात कंपनीवर सक्तीच्या कारवाईस स्थगिती दिली. मुळात ती रक्कम हवेची हानी भरून काढण्यासाठी होती. मालकांना त्यातून एक रुपयाही मिळायचा नव्हता. पीयूसी प्रमाणपत्राचाही या बाबतीत उपयोग नाही, कारण डिझेल गाडीच्या त्या तपासणीत धुराची दाटी मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड नव्हे. रस्त्यावरच्या उत्सर्जनाची अट नव्या गाड्यांना बीएस-६च्या दुसऱ्या टप्प्यात, एप्रिल २०२३ पासून लागली.

येथील मालकाला आज दोन मार्ग आहेत. मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीने आलेले कलम ११०अ सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याची सोय करते आणि त्यात मालकाला मोबदला किंवा बदली गाडी देण्याची तरतूद आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली समान तक्रार असलेले मालक आयोगाच्या परवानगीने एकत्र दावा करू शकतात. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे. त्यामुळे खरेदीचे बिल, मायलेज-प्रदूषणाचे दावे करणारी त्या वेळची जाहिरात, सर्व्हिसिंगच्या पावत्या आणि रिकॉलचे पत्र जपावे, पत्र हाती पडल्याची तारीखही त्यावर टाकावी. सॉफ्टवेअर बदलण्यापूर्वीचे आणि नंतरचे मायलेज लिहून ठेवावे आणि जॉबकार्डवर केलेल्या बदलाची नोंद करून घ्यावी. वर्कशॉपमधून गाडी बाहेर पडल्यावर ही नोंद मिळवणे अवघड जाते.